चॉकलेट उत्पादनांच्या वेष्टनावरील लेबल : कायदेशीर तरतुदी आणि ग्रामीण ग्राहक
(उंबरमाळी, ता. शहापूर, जि. ठाणे या परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :
चॉकलेटच्या वेष्टनावर काय छापले जावे याविषयी भारतात सविस्तर नियम आहेत. परंतु वेष्टन जसजसे लहान होते, तसतशी त्यावरील सक्तीची माहिती कमी होत जाते. ग्रामीण व आदिवासी भागात प्रामुख्याने हीच लहान वेष्टने विकली जातात. परिणामी ज्या ग्राहकास माहितीची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच हाती सर्वांत कमी माहिती पोहोचते. प्रस्तुत लेखात चॉकलेटची कायदेशीर व्याख्या, लेबलविषयक तरतुदी, लहान वेष्टनांना मिळणारी सूट, भाषेची अट आणि दुकानदार व ग्राहक यांची कायदेशीर स्थिती यांचे विवेचन केले असून काही व्यवहार्य सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : चॉकलेट, लेबल, अन्न सुरक्षा, वैध मापन, ग्राहक, मराठी भाषा, उंबरमाळी.

१. प्रस्तावना

उंबरमाळी हे शहापूर तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या दरम्यान वसले आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. अशा गावांतील किराणा दुकानात काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरण्यांची एक ओळ हमखास दिसते. त्यात एक रुपयाची गोळी, दोन रुपयांची टॉफी आणि पाच रुपयांची छोटी वडी असते. लहान मूल दुकानात येऊन या सर्वांसाठी एकच शब्द वापरते, तो म्हणजे 'चॉकलेट'.

मराठी बोलीत 'चॉकलेट' हा शब्द एका विशिष्ट पदार्थापुरता उरलेला नाही. लिमलेटची गोळी, दुधाची टॉफी, आंब्याच्या स्वादाची गोळी ही सारी बोलीत चॉकलेटेच होत. या सवयीला इतिहास आहे. विलेपार्ले येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या पार्ले कंपनीच्या गोळ्या आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या गोळ्या यांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांचे बालपण गोड केले. रावळगावच्या साखर उद्योगाचा पाया वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये घातला. तेथील गोळ्यांच्या नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेल्या. या गोळ्यांपैकी बहुतेकींत कोकोचा अंशही नसे, तरी त्यांना घरोघरी 'चॉकलेट' असेच म्हटले गेले.

कायदा मात्र हा शब्द इतक्या सैलपणे वापरू देत नाही. कायद्याच्या दृष्टीने साखरेची गोळी आणि चॉकलेट हे दोन स्वतंत्र पदार्थ असून त्यांची मानके वेगळी आहेत. हा भेद ग्राहकास कळावा यासाठीच लेबल असते. म्हणून लेबलविषयक नियम समजून घेताना दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पहिला, नियम काय सांगतात ? दुसरा, ते सांगणे उंबरमाळीच्या दुकानापर्यंत पोहोचते काय ?

२. कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्योत्तर काळात खाद्यपदार्थांचे नियमन अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ आणि त्याखालील १९५५ चे नियम यांद्वारे होत असे. या व्यवस्थेचा मुख्य भर भेसळ रोखण्यावर होता. पुढे २००६ मध्ये संसदेने अन्न सुरक्षा व मानके अधिनियम संमत केला. त्यानुसार भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नवी व्यवस्था प्रत्यक्ष अमलात आली. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. ठाणे जिल्हा त्याच्या कोकण विभागात येतो व विभागाचे कार्यालय ठाणे येथे आहे.

चॉकलेटच्या लेबलशी आज मुख्यतः तीन नियमसंच निगडित आहेत. पदार्थाची मानके २०११ च्या अन्न उत्पादन मानके व अन्न समावेशके विनियमांत व त्यांच्या दुरुस्त्यांत आहेत. वेष्टनावरील माहितीचे नियम प्रथम २०११ च्या विनियमांत होते. त्यांची जागा २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन विनियमांनी घेतली. वजन, किंमत व उत्पादकाचा पत्ता या बाबी वैध मापन अधिनियम, २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तू नियम, २०११ यांच्या कक्षेत येतात. अशा रीतीने एकाच छोट्या कागदावर दोन स्वतंत्र कायद्यांचा अंमल चालतो. अन्नविषयक कायदा पदार्थाच्या आशयाकडे पाहतो, तर वैध मापन कायदा व्यवहाराच्या सचोटीकडे.

३. कायद्यातील 'चॉकलेट'

२०११ च्या विनियमांत साखरेच्या उकळून केलेल्या गोळ्या, लॉझेंजेस, च्युइंगम आणि चॉकलेट यांची मानके स्वतंत्र कलमांत दिली आहेत. चॉकलेट म्हणजे कोकोच्या बिया, त्यांचा लगदा, पेंड किंवा भुकटी यांपासून तयार केलेला एकजीव पदार्थ होय. त्यात साखर, कोको बटर व दूध घनांश मिसळता येतात. दुधाचे चॉकलेट, साधे चॉकलेट, पांढरे चॉकलेट, भरलेले चॉकलेट, संमिश्र चॉकलेट असे त्याचे प्रकार सांगितले आहेत आणि प्रत्येकासाठी किमान प्रमाणे ठरवून दिली आहेत.

दुधाच्या चॉकलेटमध्ये एकूण स्निग्धांश किमान २५ टक्के, दुधाचा स्निग्धांश किमान २ टक्के, पाणी व स्निग्धांश वगळून कोको घनांश किमान २.५ टक्के आणि त्याच पद्धतीने मोजलेला दूध घनांश किमान १०.५ टक्के असावा, असे हे मानक सांगते. साध्या चॉकलेटमध्ये याच पद्धतीने मोजलेला कोको घनांश किमान १२ टक्के लागतो. भरलेल्या चॉकलेटमध्ये बाहेरील चॉकलेटचा थर एकूण वजनाच्या २५ टक्क्यांहून कमी चालत नाही. काजू, बदाम, मनुका इत्यादी घातलेल्या संमिश्र चॉकलेटमध्ये किमान ६० टक्के चॉकलेट असणे आवश्यक आहे.

या आकड्यांचा ग्राहकाशी थेट संबंध आहे. कोको बटर महाग असते. त्याऐवजी स्वस्त वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ व कोको भुकटी वापरून चॉकलेटसारखी दिसणारी वडी बनविता येते. व्यापारात तिला 'कंपाउंड' म्हणतात. ती खाण्यास अयोग्य असते असे नाही. मात्र ती मानकानुसार चॉकलेट नसल्यामुळे तिच्या वेष्टनावर केवळ 'चॉकलेट' असे नाव छापणे नियमात बसत नाही. पदार्थाचे खरे नाव वेष्टनाच्या दर्शनी भागावर देणे बंधनकारक आहे. नाममुद्रा मोठ्या अक्षरांत व खरे नाव तिच्याखाली बारीक अक्षरांत असते, त्यामुळे ग्राहकाची नजर बहुधा नाममुद्रेवरच थांबते. 'चोको' या अक्षरांनी सुरू होणारे व्यापारी नाव म्हणजे पदार्थाचे नाव नव्हे, हा भेद ग्राहकाने ध्यानी ठेवणे इष्ट होय.

४. कोको बटर, कोकम आणि एक वाक्य

काही चॉकलेटांच्या वेष्टनावर 'कोको बटरशिवाय वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ समाविष्ट' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य ठळक अक्षरांत आढळते. हे वाक्य का छापले जाते, याचे उत्तर युरोपातील एका दीर्घ वादात मिळते.

ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क हे देश १९७३ मध्ये युरोपीय समुदायात सामील झाले. तेथे चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज अन्य वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ थोड्या प्रमाणात घालण्याची प्रथा होती. इतर काही देशांना हे मान्य नव्हते व अशा पदार्थास चॉकलेट म्हणू नये, असा त्यांचा आग्रह होता. अखेर २००० साली निर्देश क्रमांक २०००/३६ द्वारे तोडगा निघाला. असे स्निग्ध पदार्थ ५ टक्क्यांपर्यंत चालतील, परंतु त्याचा उल्लेख लेबलवर केला पाहिजे, असे ठरले. तरीही इटली व स्पेन यांनी अशा चॉकलेटांना 'चॉकलेटचा पर्याय' असे नाव देण्याची सक्ती चालू ठेवल्याचा प्रश्न युरोपीय न्यायालयासमोर आला. १६ जानेवारी २००३ रोजी न्यायालयाने ही सक्ती अयोग्य ठरविली. लेबलवर तटस्थ शब्दांत माहिती दिल्याने ग्राहकाचे हित पुरेसे जपले जाते, असा या निर्णयाचा आशय होता.

महाराष्ट्राच्या वाचकास या निर्देशातील एक तपशील विशेष वाटावा असा आहे. त्यात परवानगी मिळालेल्या सहा स्निग्ध पदार्थांत कोकम, साल वृक्षाच्या बिया आणि आंब्याची कोय यांपासून मिळणाऱ्या पदार्थांचा समावेश आहे. कोकणात कोकमाच्या बियांपासून निघणारे घट्ट कोकम तेल टाचांच्या भेगांवर लावण्यासाठी घरोघरी ठेवले जाई. त्याची रासायनिक रचना कोको बटरच्या जवळची असून ते अधिक तापमानाला वितळते. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. शहापूरच्या उन्हाळ्यात दुकानातील तापमान त्याहून सहज वर जाते. त्यामुळे उष्ण प्रदेशातील चॉकलेटसाठी अशा स्निग्ध पदार्थांचे महत्त्व लक्षात येते.

भारतीय मानकात मुळात कोको बटरखेरीज कोणताही वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ चॉकलेटमध्ये घालण्यास मनाई होती. नंतरच्या दुरुस्तीने तो ५ टक्क्यांच्या मर्यादेत चालू शकतो, मात्र वर उल्लेखिलेले वाक्य लेबलवर ठळकपणे छापावे लागते. म्हणजे पदार्थाच्या शुद्धतेविषयीचा प्रश्न कायद्याने लेबलवरील एका वाक्याच्या आधारे सोडविला. परंतु अशा उपायाची एक पूर्वअट असते. ते वाक्य ग्राहकास दिसले पाहिजे व वाचता आले पाहिजे.

५. वेष्टनावर कोणती माहिती असावी ?

२०२० च्या विनियमांनुसार सर्वसाधारण आकाराच्या वेष्टनावर पुढील माहिती अपेक्षित आहे.

(अ) पदार्थाचे नाव व घटकांची यादी : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. यादीत पहिला शब्द 'साखर' असेल, तर त्या पदार्थात साखरेचे वजन सर्वाधिक आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. समावेशके त्यांच्या वर्गासह नावाने किंवा आंतरराष्ट्रीय क्रमांकाने दर्शविली जातात. चॉकलेटच्या वेष्टनावर आढळणारे ४४२ व ४७६ हे क्रमांक पायसीकारकांचे, म्हणजे स्निग्धांश व इतर घटक एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांचे आहेत.

(आ) पोषणविषयक माहिती : ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल व सोडियम यांची प्रमाणे द्यावी लागतात. त्यासोबत एका वेळच्या सेवनातून दैनंदिन शिफारशीच्या किती टक्के भाग मिळतो, हेही सांगावे लागते. हा हिशेब २००० किलोकॅलरी ऊर्जा व ५० ग्रॅम वरून घातलेली साखर या आधारावर केला जातो. हा आधार प्रौढ व्यक्तीचा असून चॉकलेट खाणारे मात्र बहुधा लहान मूल असते, ही बाब नजरेआड करता येत नाही.

(इ) शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह : हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ शाकाहारी पदार्थासाठी असते. तपकिरी चिन्ह पूर्वी वर्तुळाचे होते. २०२० च्या विनियमांनी त्याजागी चौकटीतील तपकिरी त्रिकोण आणला, त्यामुळे रंग न ओळखता येणाऱ्या व्यक्तीसही आता भेद कळतो. दुधामुळे पदार्थ मांसाहारी ठरत नाही, अंड्यामुळे मात्र ठरतो.

(ई) ॲलर्जीविषयी सूचना : दूध, गहू व तत्सम ग्लूटेनयुक्त धान्ये, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन, अंडी इत्यादींचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. चॉकलेटमध्ये दूध व सोयाबीनपासूनचे लेसिथिन हे घटक नेहमीचे असल्याने ही सूचना महत्त्वाची ठरते.

(उ) तारखा व ओळख : उत्पादनाची किंवा वेष्टनाची तारीख, वापराची अंतिम तारीख, लॉट क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, तसेच प्राधिकरणाच्या बोधचिन्हासह १४ अंकी परवाना क्रमांक.

(ऊ) वजन व किंमत : निव्वळ वजन आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. २०२१ च्या दुरुस्तीने वैध मापन नियमांत प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत दर्शविण्याची तरतूदही आली. याच नियमांनुसार अक्षरांची उंची सर्वसाधारणपणे किमान १ मिलिमीटर असावी लागते.

ही यादी पाहता भारतीय ग्राहकास पुरेशी माहिती मिळण्याची कायद्याने चांगली सोय केली आहे, असे म्हणावे लागते. प्रश्न पुढे उभा राहतो.

६. लहान वेष्टनाची सूट

लेबलिंग विनियमांत लहान वेष्टनांसाठी सूट आहे. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्यावर घटकांची यादी, लॉट क्रमांक, पोषणविषयक माहिती व वापराच्या सूचना छापण्याची सक्ती नाही. पृष्ठफळ ३० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास तारखेचीही सक्ती राहत नाही. ही माहिती अनेक नग एकत्र असलेल्या मोठ्या पाकिटावर किंवा घाऊक खोक्यावर देणे पुरेसे मानले जाते. वैध मापन नियमांतही निव्वळ वजन १० ग्रॅम किंवा त्याहून कमी असलेल्या वस्तूंना सूट आहे.

ही मापे प्रत्यक्षात किती होतात ? ९ सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद अशा चपट्या पाकिटाच्या दोन्ही बाजू मिळून पृष्ठफळ ९० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे छोट्या वडीचे असे पाकीट सूटीच्या मर्यादेत येते. दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या गोळीचा कागद तर त्याहून पुष्कळ लहान असतो.

सूट देण्यामागील कारण समजण्यासारखे आहे. बोटभर कागदावर सर्व तपशील छापले, तर ते कोणालाच वाचता येणार नाहीत. म्हणून माहिती मोठ्या खोक्यावर द्यावी, हा मार्ग तर्कशुद्ध वाटतो. परंतु या तर्कात एक गृहीतक दडलेले आहे. ग्राहकाला ते खोके पाहावयास मिळते, असे कायदा धरून चालतो. गावातील दुकानात गोळ्या पाकिटातून काढून बरणीत ओतल्या जातात. पाकीट फेकले जाते आणि खोके चुलीत किंवा रद्दीत जाते. त्या क्षणी घटकांची यादी, लॉट क्रमांक व कित्येकदा तारीखही नाहीशी होते. बरणीत नव्या मालाखाली जुना माल राहिला, तर दोन्ही एकमेकांपासून ओळखता येत नाहीत.

शहरातील मॉलमध्ये शंभर रुपयांची वडी घेणाऱ्याच्या हाती सर्व माहिती येते. उंबरमाळीतील बालक मात्र एकेक रुपयाने तोच पैसा महिनाभरात खर्च करते व त्याच्या हाती येणाऱ्या कागदावर बहुधा नाव, नाममुद्रा आणि हिरवे चिन्ह एवढेच असते. खर्च तितकाच असूनही माहितीचा अधिकार वेष्टनाच्या आकाराने मोजला जातो, हे या तरतुदीचे सर्वांत गंभीर फलित होय.

याचा परिणाम अन्य नियमांवरही होतो. शाळकरी मुलांच्या सुरक्षित व संतुलित आहाराविषयीचे विनियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार अतिरिक्त स्निग्धांश, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकण्यास मनाई आहे. शहापूर तालुक्यात आश्रमशाळा आहेत व शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. परंतु आश्रमशाळेच्या शिक्षकाने शेजारच्या दुकानातील सुटी गोळी हाती घेतली, तर तिच्यात साखर किती आहे हे त्याने कशावरून ठरवावे ? एका नियमाने दिलेली सूट दुसऱ्या नियमाच्या पालनात अशी आडवी येते.

७. भाषेचा प्रश्न

लेबलवरील माहिती इंग्रजी किंवा देवनागरी लिपीतील हिंदी यांपैकी एका भाषेत असावी, असे अन्नविषयक विनियम व वैध मापन नियम दोन्ही सांगतात. त्याशिवाय अन्य भाषा वापरण्यास मनाई नाही, परंतु तशी सक्तीही नाही. निवड उत्पादकाच्या हाती असल्याने चॉकलेटच्या वेष्टनावरील घटकांची यादी बहुतांशी इंग्रजीतच आढळते. हिंदीचा पर्याय निवडला गेला असता, तर निदान लिपी तरी मराठी वाचकाच्या परिचयाची राहिली असती.

महाराष्ट्रात या संदर्भात एक विसंगती दिसते. राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही आपली पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक झाले. म्हणजे दुकानाच्या पाटीसाठी मराठी आवश्यक आहे. त्याच दुकानात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनासाठी मात्र ती आवश्यक नाही. याचे कारण असे की, दुकानांचा कायदा राज्याचा आहे, तर लेबलचे विनियम केंद्रीय असून देशभर एकसारखे लागू होतात. उत्पादकास प्रत्येक राज्यासाठी निराळे वेष्टन छापावे लागू नये, ही अडचण खरी आहे. तथापि जाहिराती प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे तयार होतात, हेही तितकेच खरे आहे. पदार्थाची शिफारस मराठीत ऐकू येते आणि त्याचे घटक मात्र इंग्रजीत वाचावे लागतात.

उंबरमाळी परिसरात घरी ठाकरी किंवा कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि वेष्टनावर इंग्रजी असा तीन पायऱ्यांचा प्रवास बालकास करावा लागतो. या पार्श्वभूमीवर हिरव्या वर्तुळाचे यश बोलके ठरते. भाषेची अडचण न येता ते निरक्षर व्यक्तीसही समजते आणि वेष्टन लहान असले तरी त्यावर मावते. चिन्हाच्या द्वारे माहिती देता येते, याचा हा सिद्ध पुरावा होय. वेष्टनाच्या दर्शनी भागावर आरोग्यविषयक मानांकन देण्याचा मसुदा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या विषयाकडे लक्ष वेधले. अशा कोणत्याही चिन्हाचा विचार करताना सर्वांत लहान वेष्टनाचा विचार प्रथम व्हावयास हवा.

८. २००३ चे प्रकरण व साठवणुकीची सूचना

लेबल कितीही परिपूर्ण असले तरी ते साठवणुकीची जागा घेऊ शकत नाही, हे महाराष्ट्राने २००३ मध्ये अनुभवले. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या आढळल्याचे जाहीर केले. दुकानांतील अयोग्य साठवणुकीमुळे असे घडले, अशी कंपनीची भूमिका होती. वेष्टनच पुरेसे बंदिस्त नसल्याकडे प्रशासनाने बोट दाखविले. हा वाद देशभर गाजला. कंपनीने 'विश्वास' नावाचा उपक्रम हाती घेऊन किरकोळ विक्रेत्यांना साठवणुकीविषयी मार्गदर्शन केले व जानेवारी २००४ मध्ये अधिक बंदिस्त असे नवे वेष्टन बाजारात आणले.

या प्रकरणाचा मुख्य धडा असा की, उत्पादकाच्या दारातून बाहेर पडलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न केवळ लेबलवरील 'थंड व कोरड्या जागी ठेवा' या सूचनेने सुटत नाही. ती सूचना दुकानदाराने वाचावी आणि पाळावी यासाठी त्यास साधने व माहिती द्यावी लागते. पत्र्याच्या छपराखालील दुकानात एप्रिल-मे महिन्यांत 'थंड जागा' कोठून आणावयाची ? वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो. ती बुरशी नसून पृष्ठभागावर आलेला स्निग्धांश असतो. पण अळी, जाळे किंवा फाटलेले वेष्टन आढळल्यास तो पदार्थ खाऊ नये.

९. दुकानदाराचे दायित्व व ग्राहकाचे उपाय

ज्या पदार्थावर नियमानुसार लेबल नाही किंवा दिशाभूल करणारे लेबल आहे, तो कायद्याच्या परिभाषेत 'मिथ्याछाप' ठरतो. अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये त्यासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पदार्थ मानकापेक्षा कमी दर्जाचा असल्यास कलम ५१ खाली हा दंड ५ लाख रुपयांपर्यंत जातो.

कलम २७ मधील तरतूद गावातील दुकानदाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुदत संपलेला, अस्वच्छ स्थितीत ठेवलेला, मिथ्याछाप किंवा ज्याचा उत्पादक वा वितरक सांगता येत नाही असा पदार्थ विकल्यास विक्रेता स्वतः जबाबदार ठरतो. पाकीट फोडून बरणी भरणारा दुकानदार नकळत हा धोका पत्करीत असतो. याच कायद्याने त्यास संरक्षणही दिले आहे. कलम २६ नुसार घाऊक विक्रेत्याचे बिल किंवा पावती ही मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली जाते. म्हणून कसारा, खर्डी किंवा शहापूर येथून माल आणताना बिल घेणे व ते जपून ठेवणे हा दुकानदाराच्या बचावाचा पहिला आधार होय.

ग्राहकास कलम ४० अन्वये कोणताही खाद्यपदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास तशी कल्पना द्यावी लागते. अहवालात उल्लंघन सिद्ध झाल्यास शुल्क परत मिळते. एक रुपयाच्या गोळीसाठी हा मार्ग कोणी अवलंबेल, हे संभवत नाही. त्या मानाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हे मार्ग अधिक सुलभ आहेत. या अधिनियमानुसार तक्रारदारास तो जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते व ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. तरीही उंबरमाळीहून ठाण्याचे सुमारे ८० किलोमीटरचे अंतर आणि एका दिवसाची बुडणारी मजुरी यांचा हिशेब केला, तर नंतरच्या उपायापेक्षा आधीची माहिती अधिक मोलाची ठरते.

१०. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. चॉकलेट म्हणजे काय, हे भारतीय कायद्याने निश्चित केले आहे आणि मोठ्या वेष्टनावरील माहितीची व्यवस्थाही समाधानकारक आहे. परंतु लहान वेष्टनास मिळणारी सूट, इंग्रजी किंवा हिंदी यांपुरती मर्यादित असलेली भाषेची अट आणि सुट्या विक्रीची पद्धत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की, ग्रामीण ग्राहकासाठी लेबल जवळजवळ अस्तित्वातच राहत नाही. या तिन्हींपैकी एकही बाब बेकायदेशीर असेलच असे नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ तपासणी व दंड यांनी सुटणारा नाही.

या संदर्भात पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

१) लहान वेष्टनास सूट देताना मूळ पाकीट किंवा त्यावरील लेबल माल संपेपर्यंत बरणीसोबत ठेवणे विक्रेत्यास बंधनकारक करावे. लेबलचा कापलेला भाग बरणीवर चिकटविणे, एवढ्यानेही बरेच साध्य होईल व त्यास खर्च येणार नाही.

२) अत्यंत लहान वेष्टनावरही पदार्थाचा वर्ग दर्शविणारे एक चिन्ह असावे. साखरेची गोळी, चॉकलेट आणि चॉकलेटसदृश वडी हे तीन वर्ग त्यावरून ओळखता यावेत.

३) महाराष्ट्रात वितरित होणाऱ्या घाऊक खोक्यांवर घटक, तारीख व साठवणुकीची सूचना मराठीतही द्यावी. खोक्यावर जागेची अडचण नसते.

४) एका लॉटच्या गोळ्या संपल्याशिवाय बरणीत नवा माल भरू नये, याविषयी अन्न व औषध प्रशासनाने शहापूर व मुरबाड येथील विक्रेत्यांना मार्गदर्शन करावे.

५) शाळा व आश्रमशाळांमध्ये वेष्टन वाचनाचा एखादा तास घ्यावा. मुलांनी आणलेले रिकामे कागद हेच त्याचे शैक्षणिक साहित्य होऊ शकते. गणिताच्या तासाला पृष्ठफळ मोजावे, भाषेच्या तासाला घटकांची नावे मराठीत आणावी आणि विज्ञानाच्या तासाला साखरेचे प्रमाण समजून घ्यावे.

उंबरमाळीच्या बालकाने एक रुपया देऊन 'चॉकलेट' मागितले असता त्याला साखरेची गोळी मिळण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. आपल्याला काय मिळाले, हे त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना कळावे, एवढीच अपेक्षा आहे. लेबलविषयक कायद्याचे प्रयोजनही तेच आहे आणि त्या प्रयोजनाची खरी कसोटी सर्वांत लहान वेष्टनावरच लागते.